सांतियागो रामोन इ काहाल : दृष्टिपटलातील बाण आणि एक अनुत्तरित कोडे

मेंदूला हालचाल कशी कळते, या प्रश्नाचा आजचा अभ्यास ज्या रेखाटनांपाशी जाऊन पोहोचतो, ती काढणाऱ्या माणसाला लहानपणी घरात चित्रे काढण्याची मुभा नव्हती. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांना आधुनिक चेताविज्ञानाचे जनक मानले जाते. मेंदू स्वतंत्र पेशींचा बनलेला आहे आणि त्या पेशींतून संदेश ठरावीक दिशेने वाहतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शक, पेन्सिल आणि शाई यांच्या बळावर दाखवून दिले. मात्र डोळ्याच्या आतल्या पडद्यात त्यांना अशा काही पेशी आढळल्या, ज्या त्यांनी स्वतः मांडलेल्या नियमात बसत नव्हत्या. काहाल यांनी त्या झाकून ठेवल्या नाहीत. त्यांना नाव दिले, त्यांची काळजीपूर्वक चित्रे काढली आणि त्यांचे कोडे खुले ठेवले. त्याची उकल होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. तेव्हा असे दिसून आले की, समोरची वस्तू कोणत्या दिशेने सरकत आहे, हे सस्तन प्राण्यांच्या डोळ्यात ठरवण्याचे काम नेमक्या याच गटातील पेशी करतात.

हाडे आणि रेखाटने

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे गरिबीतून स्वकष्टाने वर आलेले शल्यवैद्य होते. मुलाने डॉक्टर व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. चित्रकला त्यांना पोट न भरणारा उद्योग वाटत असे. मुलगा मात्र हाती लागेल त्या कागदावर आणि भिंतीवर चित्रे काढीत राही. शाळेतल्या घोकंपट्टीत त्याचे मन रमत नव्हते. एकदा त्याने घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याच्या बागेचे फाटक उडवले आणि त्यापायी त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. वळण लागावे म्हणून वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि नंतर चर्मकाराकडे उमेदवारीस ठेवले.

बाप-लेकातला हा तिढा १८६८ च्या उन्हाळ्यात अनपेक्षित रीतीने सुटला. शरीररचना शिकवण्यासाठी वडिलांनी मुलाला जुन्या दफनभूमीत नेले आणि तेथे सापडणारी मानवी हाडे अभ्यासासाठी त्याच्यापुढे ठेवली. हाडांचे उंचवटे, खाचा आणि सांधे रेखाटताना मुलाला आपल्या आवडीची वाट सापडली आणि वडिलांना आपल्या आग्रहाची. पुढे हुस्तो रामोन यांनी झारागोझा येथे शरीररचनेचे अध्यापन केले. त्याच शहरातून सांतियागो यांनी १८७३ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली.

त्यानंतर सैन्यातील डॉक्टर म्हणून त्यांची रवानगी क्युबात झाली. तेथे स्पेनची वसाहत टिकवण्यासाठी युद्ध सुरू होते. दलदलीच्या प्रदेशातील लष्करी रुग्णालयात रुग्णांवर उपचार करता करता त्यांना स्वतःलाच हिवताप आणि आमांश जडला. १८७५ मध्ये ते खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतले. साठवलेल्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि घरातच लहानशी प्रयोगशाळा थाटली. १८७८ मध्ये क्षयाने गाठले. त्यातून सावरल्यावर, १८७९ मध्ये त्यांचा विवाह सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी झाला. अपुरे उत्पन्न, वाढते कुटुंब आणि नवऱ्याचा प्रयोगांवरील खर्च या तिन्हींचा मेळ पुढची अनेक वर्षे सिल्वेरिया यांनी घातला.

त्या काळात काहाल यांना छायाचित्रणाचाही नाद लागला होता. कमी वेळात चित्र टिपू शकतील अशा जलद काचा त्यांनी घरी तयार केल्या आणि त्यांवर बैलझुंजीतील क्षण पकडले. धावते दृश्य एका क्षणी गोठवण्याची ही हौस आयुष्यभर टिकली. १९१२ मध्ये त्यांनी रंगीत छायाचित्रणावर स्वतंत्र पुस्तकही प्रसिद्ध केले.

एका पद्धतीने पालटलेले आयुष्य

१८८३ मध्ये त्यांना वालेन्सिया विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळाले. दोन वर्षांनी त्या भागात पटकीची साथ आली. काहाल यांनी तिचा अभ्यास करून झारागोझाच्या प्रांतिक शासनाला अहवाल दिला. कृतज्ञता म्हणून शासनाने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. युरोपातील मोठ्या प्रयोगशाळांत असणारे साधन आता स्पेनच्या या प्राध्यापकाच्या टेबलावर आले.

साधन मिळाले तरी मेंदू पाहण्याची अडचण कायम होती. मेंदूच्या पातळ कापात पेशींच्या फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की, सर्वच रंगल्या तर काहीच उलगडत नाही. यावर इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्येच उपाय शोधला होता. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांची प्रक्रिया केली की, शेकडो पेशींपैकी मोजक्याच पेशी, पण त्या अगदी टोकापर्यंत, काळ्या होऊन पिवळसर पार्श्वभूमीवर उठून दिसत. ही पद्धत लहरी होती. कधी जमे, कधी फसे. त्यामुळे युरोपात तिच्याकडे फारसे कोणी वळले नव्हते.

१८८७ मध्ये माद्रिदला गेले असता काहाल यांनी डॉ. लुइस सिमारो यांच्याकडे गोल्जी पद्धतीने रंगवलेले काप पाहिले आणि आपल्याला हवे होते ते सापडले, अशी त्यांची खात्री झाली. त्याच वर्षी ते बार्सिलोना विद्यापीठात रुजू झाले. पद्धतीतला लहरीपणा कमी करण्यासाठी त्यांनी रंगवण्याची प्रक्रिया पुन्हा पुन्हा केली, काप जाड ठेवले आणि पूर्ण वाढलेल्या मेंदूऐवजी भ्रूणांचे व नवजात प्राण्यांचे मेंदू घेतले. कोवळ्या चेतातंतूंवर चरबीयुक्त आवरण चढलेले नसते. त्यामुळे रंग आत शिरतो आणि संपूर्ण पेशी उजळून निघते.

१८८८ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी ठरले. त्या काळी मेंदू म्हणजे एकमेकांत विरघळलेल्या तंतूंचे सलग जाळे आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. गोल्जी यांचेही हेच मत होते. काहाल यांना पक्ष्यांच्या लहान मेंदूत वेगळेच दिसले. तंतू एकमेकांना भिडत होते, पण मिसळत नव्हते. प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे संपत होती. हा निष्कर्ष छापण्यासाठी थांबणे त्यांना मानवणारे नव्हते. त्यांनी मे १८८८ मध्ये स्वखर्चाने स्वतःचे त्रैमासिक काढले आणि त्याच्या मोजक्या प्रती परदेशातील तज्ज्ञांना पाठवल्या. स्पॅनिश भाषेतील हे लेखन वाचणारे कोणी नव्हते. प्रतिसाद आला नाही.

तेव्हा त्यांनी स्वतः जाण्याचे ठरवले. ऑक्टोबर १८८९ मध्ये बर्लिन येथे जर्मन शरीररचनाशास्त्र संस्थेची सभा भरली. काहाल आपले सूक्ष्मदर्शक आणि काप घेऊन तेथे पोहोचले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ते एकेकाला आपल्या टेबलाशी बोलावू लागले. त्या क्षेत्रातील सर्वांत मान्यवर असलेले आल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी भिंगाला डोळा लावला आणि त्यांचे मत बदलले. नंतर काहाल यांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून त्यांनी उतारवयात स्पॅनिश शिकून घेतली. १८९१ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म वाल्डायर यांनी या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिले.

दृष्टिपटलाची निवड

पेशी स्वतंत्र आहेत, हे ठरल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. संदेश त्यांतून कोणत्या बाजूने वाहतो? मृत, रंगवलेल्या कापात काहीच वाहत नसते. मग दिशा ओळखायची कशी? काहाल यांनी यासाठी अशा जागा निवडल्या, जिथे संदेशाचा उगम आधीच ठाऊक आहे. डोळ्याचे दृष्टिपटल ही त्यांतली प्रमुख जागा होती. तेथे संदेश प्रकाशग्राही पेशींपासूनच सुरू होणार आणि दृष्टिचेतेवाटे मेंदूकडेच जाणार, यात शंका नव्हती.

अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असलेल्या या पडद्यात पेशींचे थर शिस्तीत रचलेले असतात. प्रकाशग्राही पेशी मिळालेला संकेत द्विध्रुवी पेशींना देतात, त्या तो गुच्छिका पेशींना देतात आणि गुच्छिका पेशींचे लांब तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते. माणसाच्या प्रत्येक दृष्टिचेतेत असे सुमारे १० लाख तंतू असतात. मासे, बेडूक, सरडे, पक्षी आणि सस्तन प्राणी यांची दृष्टिपटले काहाल यांनी तपासली. त्यांचा हा मोठा प्रबंध १८९३ मध्ये बेल्जियममधील एका नियतकालिकात फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. दृष्टिपटल हा त्यांचा आयुष्यभराचा आवडता विषय राहिला.

या अभ्यासातून त्यांचा दिशेचा नियम पक्का झाला. पेशी आपल्या आखूड, फांद्यांसारख्या तंतूंनी संदेश घेते आणि एकाच लांब तंतूने तो पुढे पाठवते. रेखाटनांत ते आता लहान लहान बाण काढू लागले. स्थिर चित्रातून वाहता संदेश दाखवणारे हे बाण त्यांच्या कामाची ओळख बनले.

मात्र दृष्टिपटलाच्या आतल्या थरात काही पेशींपाशी हा बाण अडला. त्या पेशींना लांब तंतूच नव्हता. सगळ्या फांद्या सारख्याच दिसत. संदेश कोणत्या फांदीने आत येतो आणि कोणत्या फांदीने बाहेर जातो, हे आकारावरून सांगणे अशक्य होते. लांब तंतू नसलेली या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून काहाल यांनी त्यांना अमॅक्राइन पेशी असे नाव दिले. एखाद्या कमी सचोटीच्या संशोधकाने त्यांना किरकोळ अपवाद म्हणून बाजूला सारले असते. काहाल यांनी त्यांचे प्रकार पाडले, त्यांच्या फांद्या कोणत्या पातळीवर पसरतात याची नोंद केली आणि त्यांचे कार्य गूढ असल्याचे मान्य केले.

डोळ्यापासून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत

१८९२ मध्ये ते माद्रिद विद्यापीठात आले. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी निमंत्रित केले. त्यानंतर त्यांचे लक्ष डोळ्यापलीकडच्या दृष्टिमार्गाकडे वळले. १८९८ मध्ये त्यांनी दोन डोळ्यांच्या चेता मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्या जागेवर प्रबंध लिहिला. डोळ्याच्या भिंगामुळे उलटलेल्या दोन चित्रांची मेंदूत सलग जुळणी व्हावी, यासाठी हे ओलांडणे आवश्यक आहे, असा त्यांचा तर्क होता. या तर्काविषयी नंतर मतभेद झाले. पण चेतांचा मार्ग असाच का आहे, हा प्रश्न त्यांनी ठामपणे पुढे आणला. १८९९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी माणसाच्या मेंदूतील दृष्टिक्षेत्राच्या थरांचे वर्णन केले.

१९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून देण्यात आले. एकाची पद्धत आणि दुसऱ्याचे निष्कर्ष असा हा योग होता; परंतु दोघांची मते परस्परविरोधी होती. ११ डिसेंबर रोजी स्टॉकहोममधील व्याख्यानात गोल्जी यांनी सलग जाळ्याच्या कल्पनेचे समर्थन केले आणि स्वतंत्र पेशीच्या सिद्धांतावर टीका केली. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपला पुरावा मांडला. व्यासपीठावरील हा विरोध विज्ञानाच्या इतिहासात नोंदला गेला. पुढे काळाने काहाल यांच्या बाजूने कौल दिला, तरी तो एकतर्फी नव्हता. दृष्टिपटलातील काही पेशी एकमेकींशी थेट विद्युत जोडांनी जोडलेल्या असतात, हे नंतर सिद्ध झाले. अमॅक्राइन पेशींचे काही प्रकारही त्यांत आहेत.

१९१५ मध्ये काहाल यांनी सहकारी दोमिंगो सांचेझ यांच्यासह कीटकांच्या दृष्टिकेंद्रांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. माशीसारख्या जीवाची दृष्टियंत्रणा साधी असेल, ही त्यांची अपेक्षा खोटी ठरली; तिची गुंतागुंत पाहून ते थक्क झाले. १९२२ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले. १९३० मध्ये सिल्वेरिया यांचे निधन झाले. शरीर थकत गेले, ऐकू येणे कमी झाले, पण काम थांबले नाही. १९३३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी दृष्टिपटलातील न सुटलेल्या प्रश्नांवर एक छोटा लेख लिहिला. अमॅक्राइन पेशींचे कोडे त्यात होतेच. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

कोड्याची उकल

हालचाल ओळखणे हे वाटते तितके सोपे काम नाही. प्रकाशग्राही पेशीला फक्त आपल्या जागी उजेड आहे की अंधार, एवढेच कळते. वस्तू सरकली हे कळण्यासाठी दोन जागांवरील संकेतांची, त्यांच्यामधील वेळेच्या फरकासह, तुलना व्हावी लागते. ही तुलना मेंदूत खोलवर होत असावी, असा समज होता. १९६० च्या दशकात होरेस बार्लो आणि विल्यम लेविक यांनी सशाच्या दृष्टिपटलात अशा गुच्छिका पेशी दाखवल्या, ज्या वस्तू एका दिशेने सरकली की जोरात संदेश पाठवतात आणि उलट दिशेने सरकली की गप्प बसतात. नको असलेल्या दिशेने वस्तू आली की शेजारून एक अडवणारा संकेत आधीच पोहोचतो आणि पेशीला शांत करतो, असे अनुमान त्यांनी मांडले. अडवणारी ती शेजारीण कोण, हे मात्र ठरले नव्हते.

ती अमॅक्राइन गटातील निघाली. तिच्या फांद्या आतषबाजीतील फुटलेल्या ताऱ्यासारख्या सर्व बाजूंनी पसरतात. ती नाहीशी केली असता दृष्टिपटलाची दिशा ओळखण्याची क्षमता जाते, हे उंदरावरील प्रयोगात दिसले. २००२ मध्ये सशाच्या दृष्टिपटलावरील प्रयोगांनी दाखवले की, या पेशीची प्रत्येक फांदी जवळपास स्वतंत्रपणे काम करते. वस्तू पेशीच्या मध्याकडून फांदीच्या टोकाकडे सरकली की ती फांदी अधिक उत्तेजित होते. अडवणारे रसायन फांदीच्या टोकाकडच्या भागातून सोडले जाते. २०११ मध्ये उंदराच्या दृष्टिपटलाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अतिसूक्ष्म काप घेऊन जोडण्यांचा नकाशा तयार करण्यात आला. डावीकडे पसरलेली फांदी उजवीकडची हालचाल टिपणाऱ्या गुच्छिका पेशीला जाऊन मिळते, असे त्यात स्पष्ट झाले. वस्तू डावीकडे निघाली की ही फांदी त्या पेशीला गप्प करते. उजवीकडे निघाली की अडथळा क्षीण होतो आणि संदेश मेंदूकडे जातो.

काहाल यांचा बाण या पेशीवर का बसत नव्हता, याचे उत्तर त्यातच होते. संपूर्ण पेशीला एक बाण लागू नव्हता. तिच्या प्रत्येक फांदीला स्वतंत्र बाण होता. नियम मोडला नाही, त्याचा आवाका बदलला.

माकड आणि माणूस यांच्यात दिशेची ही निवड प्रामुख्याने मेंदूच्या बाह्यकात होते. डोळ्याकडून आलेला संदेश थॅलॅमसमार्गे मेंदूच्या मागील बाजूच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात पोहोचतो. तेथून तो हालचालीसाठी विशेष मानल्या जाणाऱ्या एमटी या क्षेत्रात जातो. या क्षेत्राची ओळख १९७० च्या दशकात माकडांवरील अभ्यासांतून पटली. त्याचे महत्त्व १९८३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी नोंदवलेल्या एका महिला रुग्णाच्या उदाहरणातून जगापुढे आले. मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाल्यानंतर तिला रंग, आकार आणि चेहरे दिसत होते. हालचाल मात्र दिसत नव्हती. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा वाटे आणि कप कधी भरला हे कळत नसे. दूर दिसणारी मोटार पुढच्या क्षणी एकदम समोर उभी असे. त्यामुळे रस्ता ओलांडणे तिच्यासाठी धोक्याचे झाले होते. इतरांना न मागता मिळणारी गोष्ट मेंदूला किती यंत्रणा राबवून घडवावी लागते, हे तिच्या अनुभवाने दाखवून दिले.

काहाल यांची सुमारे २,९०० रेखाटने आज स्पेनमध्ये जतन केलेली आहेत. त्यांच्या व त्यांच्या शिष्यांच्या संग्रहाचा समावेश २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत करण्यात आला. त्यांतील दृष्टिपटलाची चित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात. त्या चित्रांत बहुतेक पेशींशेजारी संदेशाची दिशा दाखवणारे बाण आहेत. अमॅक्राइन पेशींच्या बाबतीत काहाल यांनी अंदाजाने बाण काढून चित्र पुरे करण्याचे टाळले. ती जागा त्यांनी मोकळी सोडली आणि पुढच्या संशोधकांनी तेथूनच शोध घेतला.